लिस्बनच्या जुन्या शहरात राहायचं आणि फिरायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्फामातल्या एका बोळात मी पहिल्यांदा आईला घेऊन नऊ दिवस राहिले. नंतर एकटी गेले तेव्हा तीन आठवडे काढले. तेव्हापासून ओळखीतलं कोणी लिस्बनला निघालं की मला फोन येतो. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. व्हिसाचं शेवटी बघू. आधी जिने.

जुनं शहर म्हणजे नेमका कुठला भाग?

तेजो नदीच्या काठावर प्रासा दो कोमेर्सियो नावाचं भलंमोठं चौकोनी मैदान आहे. नदीकडे पाठ करून तिथे उभे राहा. समोरचा सपाट, पट्टीनं आखल्यासारख्या रस्त्यांचा भाग म्हणजे बायशा. उजवीकडे किल्ल्याची टेकडी. तिच्या नदीकडच्या उतारावर अल्फामा, मागच्या उतारावर मोरारिया. डावीकडे चढ लागतो तो शियादो आणि त्याच्याही वर बायरो आल्तो. समोर बायशा संपलं की रोसियो चौक.

मैदानापासून रोसियोपर्यंत रमतगमत गेलात तरी दहा-बारा मिनिटं लागतात. नकाशावर सगळं हातरुमालाएवढं दिसतं. पण नकाशात चढ दिसत नाहीत आणि आपण तिथेच फसतो. वास्को द गामाची कबर असलेला जेरोनिमोस मठ आणि बेलेंचा मनोरा मात्र इथे नाहीत. ते पश्चिमेला सहाएक किलोमीटरवर आहेत, त्यांच्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.

राहायला कुठला भाग चांगला?

पहिल्यांदाच जात असाल, सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर बायशा किंवा शियादोचा खालचा भाग. जमीन सपाट, मेट्रो जवळ आणि लिफ्ट असण्याची शक्यता जास्त. बायशा जरा दुकानदारी वाटतं, संध्याकाळी प्रत्येक हॉटेलसमोर मेन्यूकार्ड घेऊन माणूस उभा असतो. पण पाय दुखत असताना त्याचं काही वाटत नाही.

बायरो आल्तो रात्री जागतं आणि शेजाऱ्यांनाही जागवतं. तुम्ही स्वतः रात्री दोनला घरी येणारे असाल तरच तिथे जा. मोरारिया स्वस्तात पडतं, आणि तिथल्या मार्तिम मोनिश चौकाभोवती भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आहेत. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सगळं मिळतं.

मी स्वतः गेले की अल्फामातच उतरते आणि का ते सांगते. सकाळी सातला समोरच्या खिडकीतल्या आजी कप्पीवरची दोरी ओढत कपडे वाळत घालायच्या. कप्पीला तेल नव्हतं, करकर आवाज यायचा, तोच आमचा गजर. बोळ इतका अरुंद की त्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ आमचाच वाटे. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांना खिडकीतूनच हात जोडून नमस्कार केला, त्यांनी हातातला चिमटा हलवला. पुढचे सहा दिवस हा कार्यक्रम चुकला नाही.

अशा आजी आता थोड्याच उरल्यात. घरं एकेक करून पर्यटकांच्या भाड्यात गेली आणि मूळ माणसं शहराबाहेर सरकली. आपणही त्या भाड्यातलेच, तेव्हा निदान रात्री अकराला दगडी बोळातून बॅगांची चाकं खडखडवत नेऊ नका. उचलून न्या. आणि त्यासाठी बॅग लहान घ्या.

पत्त्यात मजल्यापुढे 'एस्क' किंवा 'दितो' लिहिलंय. हे काय असतं?

एस्क म्हणजे एश्केर्दो, डावीकडचं दार. दितो म्हणजे दिरैतो, उजवीकडचं. जिना चढून वर आलात की तुमच्या डाव्या-उजव्या हाताला. तळमजल्याला 'आर-सी' लिहितात.

मजले आपल्यासारखेच, तळमजल्यानंतर पहिला. तरी मी फसले. बुकिंगमध्ये 'तिसरा मजला' होता, पण रस्त्याच्या चढामुळे आमच्या दारातून आत शिरल्यावर आधी एक अख्खा जिना चढून मग तळमजला यायचा. शिवाय लाकडी जिना, शिडीसारखा उभा. आई दुसऱ्या वळणावर बसली आणि म्हणाली, "आता मला इथेच चहा आणून दे." घरमालकाला विचारायला हवं होतं ते असं: रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या? लिफ्ट आहे का, एवढंच विचारून भागत नाही.

विमानतळावरून जुन्या शहरात कसं यायचं?

मेट्रोनं. विमानतळावरूनच लाल मार्ग सुरू होतो. आलामेदा स्टेशनवर उतरून हिरवा मार्ग पकडा, तो मार्तिम मोनिश, रोसियो, बायशा-शियादो करत नदीपर्यंत जातो. यंत्रातून 'नावेगांत' नावाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा. माणशी वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते. सामान जास्त असेल आणि घर अल्फामात असेल तर टॅक्सी घ्या, पण बऱ्याच बोळांत गाडी शिरतच नाही. शेवटची दोनशे पावलं तुमचीच.

खोलीभाड्यावर आणखी काही द्यावं लागतं का?

नगरपालिकेचा पर्यटक कर. सप्टेंबर २०२४ पासून तो माणशी दर रात्री ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्री. तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ. पुष्कळदा हे पैसे घरात शिरताना वेगळे मागतात. ती फसवणूक नाही, पावती मात्र घ्या.

आईबाबांचे गुडघे दुखतात. हे शहर जमेल का?

जमेल, पण चढायचं नाही हे आधी ठरवा. किल्ल्यावर जायला बायशातल्या रुआ दोस फांकेइरोस या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे. बाहेरून तिथे लिफ्ट असेल असं वाटतच नाही. वर बाहेर पडलात की थोडं सपाट चालून दुसरी लिफ्ट, ती सुपरमार्केटच्या इमारतीत. तिच्या गच्चीवरून अर्धं शहर दिसतं. तिथून किल्ला थोडक्यात राहतो. मोरारियाच्या बाजूनं सरकते जिनेही आहेत. तोच चढ रस्त्यानं चढणारे पर्यटक घामाघूम होऊन वर येतात आणि तुम्ही केस विंचरल्यासारखे उभे असता.

सांता जुश्ता ही १९०२ ची लोखंडी लिफ्ट प्रसिद्ध आहे, ४५ मीटर उंच, कलाकुसर देखणी. रांग मात्र तासाची. ती वर जिथे सोडते त्या कार्मो चौकात शियादोच्या बाजूनं चालतही जाता येतं. लिफ्ट खालून बघा, फोटो काढा, पुढे चला.

फ्युनिक्युलरबद्दल, म्हणजे रुळांवरून तारेनं ओढत चढावर नेणाऱ्या गाड्यांबद्दल: ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया फ्युनिक्युलरला अपघात होऊन १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातल्या बाकीच्याही तपासणीसाठी बंद करण्यात आल्या. तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे ते पाहूनच बेत करा.

आणि चपला. तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसॉल्टचे छोटे चौकोनी तुकडे बसवून केलेले असतात. रोसियोत त्यांच्याच लाटा काढल्यात, उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटते. शतकभराच्या पावलांनी हे दगड गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे. रबरी तळव्याचे बूट घ्या.

अठ्ठावीस नंबरची ट्राम घ्यायचीच का?

घ्या, पण सकाळी आठच्या आत. मार्तिम मोनिशहून निघून ती ग्रासा, अल्फामा, बायशा, शियादो अशी शहर शिवत जाते. पिवळा लाकडी डबा, आणि काही वळणं अशी की भिंतीला हात लागेल. दहानंतर तीच ट्राम म्हणजे विरार लोकल, फक्त वेग नाही. उभं राहून समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. खिडकीतल्यांच्या नजरा बाहेर आणि खिसेकापूंच्या आत. पैसे कार्डात आधीच भरून ठेवा, ट्राममध्ये काढलेलं तिकीट कितीतरी महाग पडतं. किल्ल्याभोवती फिरणारी बारा नंबरची ट्राम तशीच जुनी आणि त्या मानानं रिकामी असते.

बायशा इतकं आखीव आणि अल्फामा इतकं गुंतलेलं, असं का?

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या. भूकंप झाला तेव्हा छतं कोसळली ती त्या मेणबत्त्यांवर. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले आणि थोड्या वेळानं नदीतून समुद्र आत आला. मग कित्येक दिवस आग. राजवाडा गेला, आणि त्याच वर्षी उघडलेलं ऑपेराघरही गेलं. राजा दों जुझे वाचला, पण त्यानं दगडी छताखाली झोपायचा इतका धसका घेतला की पुढे आजूदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात दरबार थाटला.

शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्यानं, ज्याला पुढे मार्किश द पोंबाल म्हणू लागले. बायशाचा ढिगारा सपाट करून काटकोनात रस्ते आखले आणि त्यांना धंद्यांची नावं दिली: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा. भिंतींच्या आत लाकडी फुल्यांचा सांगाडा बसवला, त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. भूकंपात भिंत हलली तरी पिंजरा तुटू नये हा हेतू. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत संचलन करायला लावलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. रुआ दोस कोर्रेयेइरोस रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात हे सगळं थरांमध्ये दिसतं. चिखलात ठोकलेले लाकडी खुंट आणि त्याखाली रोमनांचे मासे खारवायचे हौद. मार्गदर्शक घेऊन फुकट दाखवतात. लिस्बनमध्ये एकच संग्रहालय बघायचं असेल तर मी हे सांगेन, आणि लोक नेमकं हेच सोडतात.

अल्फामा मात्र खडकावर होतं म्हणून बरंचसं वाचलं. त्याचं नावही अरबी, 'अल-हम्मा', गरम पाण्याचे झरे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश यानं मुसलमान राज्यकर्त्यांकडून शहर जिंकलं, मशिदीच्या जागी कॅथेड्रल बांधायला घेतलं, आणि उरलेल्या मुसलमानांना तटाबाहेर मोरारियात राहायला सांगितलं. बोळांची वळणं त्या काळापासूनची. तिथे हरवणं हा दोष नाही. उतरत राहा, नदी लागते.

गोव्याशी, भारताशी नातं सांगणारं काही दिसतं का?

जुन्या गोव्याच्या भरभराटीत एक म्हण होती: ज्यानं गोवा पाहिलं, त्याला लिस्बन पाहायला नको. उलट बाजूनं पाहिलं तर मजा येते. इथल्या कॅथेड्रललाही 'से'च म्हणतात, जुन्या गोव्यातल्यासारखं.

नदीकाठच्या रस्त्यावर काझा दोस बिकोस नावाचं घर आहे. दर्शनी भिंत हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी भरलेली. १५२३ मध्ये ते बांधलं ब्राश द आल्बुकेर्कनं, म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलानं. आता तिथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा पुरली आहे.

प्रासा दो कोमेर्सियोच्या जागी भूकंपाआधी राजवाडा होता आणि मसाल्यांचा सगळा व्यापार सांभाळणारं 'काझा दा इंडिया' त्यातच. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानानं दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजात चढवला, तो मे महिन्यात इथे उतरला. तिथे तो ओळखला जायचा आपल्याच 'गेंडा' शब्दावरून आलेल्या नावानं. राजा मानुएलनं हत्तीशी त्याची झुंज लावली. हत्ती पळाला. हाच गेंडा जर्मन चित्रकार ड्युररनं न बघताच, वर्णनावरून काढला.

आता कडू भाग. रोसियोच्या उत्तर टोकाला जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचा वाडा होता. गोव्यात १५६० साली सुरू झालेलं प्रकरण याच यंत्रणेचं. शेजारच्या साओ दोमिंगोस चर्चसमोर १५०६ मधल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. ते चर्च आतून १९५९ च्या आगीनं काळवंडलेलं तसंच ठेवलंय. कॅथेड्रलजवळ आल्जुब हा हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय तुरुंग आता संग्रहालय आहे. गोवामुक्तीच्या लढ्यातल्या टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर यांना पोर्तुगालला आणून पेनिशच्या किल्ल्यात कोंडलं होतं, ते हेच सरकार. आल्जुबमधली हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी कोठडी पाहिल्यावर संध्याकाळी किल्ल्यावर जायची इच्छा होत नाही. दुसऱ्या दिवशी जा.

मडगावात मुळं असलेले आंतोनियो कोश्ता २००७ ते २०१५ या शहराचे महापौर होते, मग पंतप्रधान झाले. टॅक्सीवाल्याला कळलं की तुम्ही भारतीय, तर पहिली गोष्ट तीच काढतो.

शाकाहारी माणूस उपाशी राहील का?

नाही, पण विचारावं लागेल. 'सें कार्ने, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको. 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं सूप दिसायला साधं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. 'पैशीन्योस दा ओर्ता' नक्की मागवा. शब्दशः 'बागेतल्या मासोळ्या', प्रत्यक्षात फरसबीची भजी. पिठात अंडं असतं, ते चालणार नसेल तर राहू द्या. पाश्तेल द नाता या प्रसिद्ध पेस्ट्रीतही अंड्याचा बलक असतो. चहाच्या दुकानात 'शामुसा' दिसेल, म्हणजे समोसाच, गोव्याहून आणि मोझांबिकहून तिकडे पोचलेला. आत बहुधा खिमा असतो.

घरात स्वयंपाक करणार असाल तर आनंदाची बातमी: पोर्तुगीज लोक कोथिंबीर सढळ हातानं वापरतात, त्यामुळे जुडी कुठल्याही भाजीबाजारात मिळते.

टेबलावर बसताच पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नाही. हात लावलात तर बिलात येतं. नको असेल तर हसून परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही.

फादो कुठे ऐकावा?

फादो म्हणजे लिस्बनचं विरहाचं गाणं. ऐकावं ते अल्फामात किंवा मोरारियात. मारिया सेव्हेरा ही पहिली नामवंत गायिका मोरारियातली, १८४६ मध्ये गेली. जेवणासह कार्यक्रम असलेल्या ठिकाणी किमान बिल ठरलेलं असतं, आधी विचारा. दारावर 'फादो व्हादियो' लिहिलेलं असेल तर शेजारपाजारचे हौशी गातात, कधी स्वयंपाकघरातूनच कोणी हात पुसत येऊन उभं राहतं. गाणं सुरू होताना दिवे मंद होतात. मग काटाचमचासुद्धा वाजवायचा नाही. आपल्याकडे मैफलीत दाद देतात तशी मधेच 'वा' दिलीत तर मान वळतील. मी दिली होती. वळल्या.

चोऱ्या फार होतात म्हणे?

मारहाण नाही, हातसफाई. ट्राम, सांता जुश्ताची रांग, गर्दीचे देखाव्याचे कठडे. पासपोर्ट घरी ठेवून झेरॉक्स जवळ बाळगा. बायशाच्या मुख्य रस्त्यावर कोणी कानाशी येऊन 'हशीश' कुजबुजेल. ते बहुतेक तमालपत्राची पूड विकतात. न थांबता चालत राहा. आणीबाणीत ११२.

कधी जावं?

एप्रिल, मे, सप्टेंबरअखेर, ऑक्टोबर. १२ जूनच्या रात्री संत अंतोनीचा उत्सव असतो. प्रत्येक बोळात सार्डिन मासे भाजतात, खिडक्यांत तुळशीच्या जातीतल्या झाडाच्या छोट्या कुंड्या. धूर आणि गाणी पहाटेपर्यंत. झोप हवी असेल तर त्या आठवड्यात अल्फामा नको. हिवाळा बाहेर सौम्य, घरात बोचरा. जुन्या घरांत हीटर नसतो आणि भिंती ओलसर. जानेवारीत स्वेटर घालून झोपावं लागतं.

पाणी, बाथरूम?

नळाचं पाणी पिता येतं. आणि इथल्या पुष्कळ घरांत बिदे, म्हणजे पाण्यानं धुवायचं बैठं भांडं असतं, त्यामुळे बाकी युरोपात होणारी आपली पंचाईत इथे होत नाही.

भाषा येत नाही, चालेल?

जुन्या शहरात इंग्रजीवर भागतं. पण तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पोर्तुगीज येतं. चावीला ते 'शाव' म्हणतात, साबणाला 'साबाँव', पावाला 'पाँव', बटाट्याला बटाटाच. बालदी, घमेलं, लिलाव, मेस्त्री, नाताळ सगळे तिकडून आलेले. आईनं दुकानात बोट दाखवून "बटाटा" म्हटलं आणि दुकानदारानं "किती किलो?" असं पोर्तुगीजमध्ये विचारलं. तिला ते बोटांवरून कळलं. आभार मानताना बाईनं 'ओब्रिगादा' म्हणायचं, पुरुषानं 'ओब्रिगादो'.

व्हिसा?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा लवकर करा. ३० हजार युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचं आहे. घराचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं घ्या.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर?

किल्ला नको. बायशातल्या लिफ्टनं वर जा, सांता लुझियाच्या कठड्यावर निळ्या फरशा बघा. तिथल्या एका फरशीचित्रात भूकंपाआधीचा राजवाडा आहे. पोर्तास दो सोलपासून अल्फामात उतरायला लागा. मधे एखाद्या दारात आजी स्टूल टाकून आंबट चेरीची गोड दारू 'जिंजा' विकत बसलेल्या असतील, इवल्या पेल्यात. एक घ्या, तिथेच उभ्यानं संपवा. मग नदीकाठानं चालत काइश दो सोद्रेच्या धक्क्यावर या आणि पलीकडच्या कासिल्यासची फेरीबोट पकडा. दहा मिनिटांची. नावेगांत कार्ड चालतं. बसायला मागची बाजू धरा, शहर तिकडेच राहतं.